मुकी गडगडी

सहा हजार दोनशे पाच या आकड्याबद्दल चिखलीत जे बोललं जातं, त्यातलं निम्मं खरं नाही. मी तो आकडा सरकारविरुद्ध वापरला नाही. तो कुठल्या सोडतीच्या तिकिटाचाही नव्हता. उकंडराव म्हणतात तसा तो आमच्या घराण्यातल्या वेडाचा आकडाही नाही, निदान तसं कुठल्या डॉक्टरने अजून सांगितलेलं नाही. तो एका लोखंडी कड्याच्या कडेवर कोरलेला होता. ते कडं आमच्या पुऱ्यातल्या, म्हणजे आळीतल्या, विहिरीच्या चाकात होतं आणि ते चाक माझ्या वडिलांनी बसवलं होतं. एवढंच. पण आमच्या गावात ‘एवढंच’ म्हणून कुठलीच गोष्ट सुटत नाही.

बाबा, म्हणजे नारायणराव, मोजणी खात्यात होते. जन्मभर लोकांच्या शेतांतून साखळी ओढत फिरले. या नोकरीत माणसाला मित्र फारसे मिळत नाहीत, कारण प्रत्येकाचं शेत त्याच्या मनात जेवढं असतं त्यापेक्षा साखळीत थोडं कमी भरतं. शेजारच्या उकंडरावांचं तर बरंच कमी भरलं. तेव्हापासून उकंडराव आमच्या ओट्यावर रोज येत, चहा घेत, आणि साखळ्या उन्हात कशा ताणल्या जातात यावर बोलत. बाबा ऐकून घेत. साखळी उन्हात लांब होते हे बाबांनाही मान्य होतं. पण ती एकट्या उकंडरावांच्या शेतात का लांब व्हावी, हे ते विचारत नसत.

पेन्शन झाल्यावर बाबांनी विहिरीचं चाक बदललं. आधीची गडगडी लाकडी होती. तिचा आवाज बाजारापर्यंत जाई. पोहरा भरून ओढायचा म्हणजे बायांच्या खांद्यातून कळ निघे. बाबांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनात लेथवर लोखंडी तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, कातून आणला. त्यात एक बॉल बेअरिंग, म्हणजे आत पोलादी छर्रे असलेलं कडं, बसवलं, आणि ते चाक विहिरीवर टांगलं. चाक एका हाताने फिरायला लागलं, आणि आवाज मात्र काहीच नाही.

पुऱ्याने त्याचं स्वागत केलं असं मला म्हणता येणार नाही. आवाज नसल्यामुळे विहिरीवर कोण आहे ते घरात बसून कळेना. सासवांची गैरसोय झाली. सून पाण्याला गेली की गप्पांना, हे पूर्वी गडगडीवरून कळत असे. समोरच्या झुंबरबाई बाबांना म्हणाल्या होत्या, “भाऊ, चाक चांगलं हाये, पन मुकं हाये. त्याले एखादी घुंगराची माळ तरी बांधा.”

बाबा रोज सकाळी विहिरीवरून जाताना रिकाम्या चाकाला एका बोटाने टिचकी मारत आणि मागे न पाहता पुढे जात. चाक फिरत राही. बाबा देवळाच्या कोपऱ्यावर वळून दिसेनासे होत, तरी ते फिरतच असे. मी शाळेला निघताना ते बघत उभी राहत असे. मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि मला उशीर करण्याची सवय नाही. पण त्या चाकाने मला अनेकदा उशीर केला.

बाबा भाद्रपदात गेले. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

चाक माघात अडलं. बाबा त्यात मधूनमधून वंगण भरत असत, हे कोणालाच माहीत नव्हतं. ते गेल्यावर चाक कुरकुरायला लागलं तेव्हा पुऱ्यातल्या बायांना वाटलं, चाकालाही वाईट वाटतंय. म्हणून ज्या आल्या त्यांनी प्रेमाने तेल घातलं. कोणी जवसाचं, कोणी करडईचं, आणि एरंडेल कोणी घातलं ते अजून कबूल झालेलं नाही. त्या तेलावर आमची चिखलीची काळी धूळ बसली आणि आत जे तयार झालं ते पाहून कडूबा लोहार म्हणाला, “बाई, याच्यात आता फक्त मीठ-तिखट बाकी हाये.”

उकंडरावांनी पुरा जमवला आणि माझ्याकडे बोट दाखवत घोषणा केली. “माह्या मळ्यात लाकडी गडगडी पडून हाये. सागाची. आखाजीपर्यंत वाट पाहू. तोवर या कोकिळाचं चाक चाललं तं चाललं. नाई तं आखाजीच्या सकाळी माही गडगडी, अन् हे लोखंड भंगारात.”

आखाजीच का, तर त्यालाही कारण होतं. घरातलं माणूस गेल्यावर पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्याकडे त्याच्या नावाची मातीची नवी घागर भरतात. वर्षभराची त्याची तहान त्या पाण्याने भागते असं मानतात. मी बरंच वाचलेलं आहे आणि अशा गोष्टींवर माझी मतं आहेत. पण त्या दिवशी घरी आल्यावर आई चुलीपुढे बसून म्हणाली, “त्यायच्या घागरीचं पानी त्यायच्याच चाकावरून याले पायजे होतं,” आणि माझी सगळी मतं गळून पडली. मी म्हणाले, “येईल.” एवढं बोलून मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या भानगडीला सुरुवात केली.

कडूबाने ते बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. त्याचं आतलं कडं चिरलेलं होतं. मी ते राखेने घासलं तेव्हा कडेवर बारीक आकडे दिसले. सहा, दोन, शून्य, पाच. मामा, म्हणजे आईचे भाऊ किसनराव, मुंबईला एका व्यापाऱ्याकडे होते. मला वाटलं, आकडा आहे म्हणजे काम सोपं आहे. मी तार केली. तारेत शब्द वाचवायचे असतात, म्हणून लिहिलं: ६२०५ एक आखाजीपूर्वी पाठवा.

लढाई चालू होती, हे मी विसरले नव्हते. पण लढाईचा आणि आमच्या विहिरीचा संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी अडवलेली तार घेऊन फौजदार आमच्या ओट्यावर आले. ते जबलपूरकडचे होते. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि अतिशय मृदू आवाजात विचारलं, “बाई, ये आखाजी कौन है?”

मी म्हटलं, “सण आहे.”

“और ये छे हजार दो सौ पाँच?”

“तो नंबर आहे.”

“काहे का नंबर?”

मी पदवीधर नसले तरी पुष्कळ शिकलेली बाई आहे, आणि जो आकडा मी भर तारेतून मुंबईला पाठवला होता त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. तो वजनाचा होता, किमतीचा होता, की त्या कारखान्यात तयार झालेला तो सहा हजार दोनशे पाचवा नग होता? ओट्याखाली सगळा पुरा जमला होता. उकंडराव फौजदारांना म्हणाले, “साहेब, त्यायचे वडील मोजनीत होते. त्यायच्या घरात आकडे निघतच राह्यतेत.”

शेवटी मी त्यांना विहिरीवर नेलं आणि रिकामा तुंबा दाखवला. आखाजीला घागर भरतात, मातीची, वर खरबूज ठेवतात, असं हाताने करून सांगितलं. फौजदारांचा चेहरा एकदम बदलला. “अरे, अकती! हमारे यहाँ अकती बोलते हैं.” त्यांनी टोपी काढली. त्यांच्या आईची घागर गेल्या वर्षी भरली होती, आणि रजा न मिळाल्यामुळे ते गेले नव्हते. थोडा वेळ ते विहिरीत वाकून बघत राहिले. तार त्यांनी जाऊ दिली. जाताना मात्र म्हणाले, “लेकिन बाई, नंबर का मतलब पता होना चाहिए.”

ते मला झोंबलं, कारण ते बरोबर होतं.

मामांचं पार्सल फाल्गुनात आलं. तेलकट कागदात गुंडाळलेलं एक देखणं, नवंकोरं, जड कडं. त्यावर आकडा होता ६३०५. सोबत मामांनी लिहिलं होतं की दुकानदाराकडे दोनवालं नव्हतं, तीनवालं होतं, आणि ते जास्त मजबूत आहे असं तो म्हणाला. आस, म्हणजे ज्या दांड्यावर चाक फिरतं तो, त्यात अगदी चपखल गेला. पण कडं तुंब्यात जाईना. ते बाहेरून अंगाने मोठं होतं.

कडूबा म्हणाला, “त्यात काय हाये! तुंबा कानशीनं घासून मोठा करतो. दोन दिवसांचं काम.”

“तुंब्याला हात लावायचा नाही.”

“काऊन?”

तो तुंबा बाबांनी खामगावहून मांडीवर ठेवून आणला होता.

मी ओट्यावर बसून दोन्ही कडी पुढे ठेवली: बाबांचं चिरलेलं आणि मामांचं नवं. सहा-दोन-शून्य-पाच. सहा-तीन-शून्य-पाच. झुंबरबाई गहू निवडायला येऊन बसल्या. त्यांनी एक कडं उचललं आणि सहज मनगटापाशी नेऊन बघितलं. “हे तं बांगडीवानी हाये व. दोन्हीत हात सारखाच जाते. एक पाटली हाये, एक बिलवर.”

“म्हणजे?”

“अवं, कासारीन काय पायते? आधी हाताचं माप. बांगडी जाड का बारीक ते मंग. तुह्या या नंबरात हाताचं माप कोनतं?”

मी दोन्ही कडी पुन्हा उचलली. हात सारखाच, म्हणजे भोक सारखंच. आणि दोन्ही आकड्यांत शेपटाला शून्य-पाच सारखंच. बदलला होता तो मधला आकडा, आणि बदललं होतं ते अंग. मी आत धावले. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी काढली. त्या पट्टीला एका बाजूला इंच असतात, आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, ज्यांचा आमच्या शाळेत समास आखण्यापलीकडे कोणी उपयोग केलेला नाही. बाबांच्या कड्याच्या भोकावर मी ती बाजू धरली. पंचवीस मिलिमीटर. कमी नाही, जास्त नाही, रेघेवर रेघ. मामांचं कडं: पंचवीस.

शून्य-पाच म्हणजे पंचवीस, पण ते का?

बाजाराच्या दिवशी मी इंद्रभान भंगारवाल्याच्या पथारीवर गेले. त्याच्याकडे एका घासलेटच्या डब्यात मोडक्या मोटारींची, जिनांची, कसकसली बेअरिंगं भरलेली होती. त्यांच्याबद्दल इंद्रभानचं एक शास्त्र होतं. “नंबर मोठा तं भाव मोठा, बाई. दुनियेचा कायदा हाये. ज्याच्यावर नंबर नाई ते तसंच घेऊन जा, पोरायले खेळाले.”

मी डबा पोत्यावर ओतायला सांगितला. शाळेतली बाई भर बाजारात भंगाराच्या पोत्यापुढे मांडी घालून बसली, ही बातमी मी घरी पोचायच्या आत घरी पोचली होती. पण त्या वेळी मला बाजार दिसत नव्हता. सहा-दोन-शून्य-चार मिळालं. पट्टी लावली. वीस. सहा-दोन-शून्य-सहा. तीस. मी थांबले. चार, पाच, सहा. वीस, पंचवीस, तीस. शेवटच्या आकड्याला पाचाने गुणायचं.

तेवढ्यात इंद्रभानने तळातून एक मोठं कडं पुढे सरकवलं. “हे पाहा, सात नंबर. हे महाग हाये.” मी ते हातात घेतलं नाही. डोळे मिटून म्हणाले, “पस्तीस.” मग पट्टी लावली.

पस्तीस होतं.

यात एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. इंद्रभानलाही वाटलं. तो म्हणाला, “रुपये?” पण मला जे झालं ते मला नीट सांगताही येत नाही. ते कडं कुठे, कोणत्या थंड देशात, कोणी केलं होतं मला माहीत नाही. त्या माणसाने चिखली हे नाव कधी ऐकलं नसेल. पण त्याने कडेवर एक आकडा कोरला आणि म्हटलं, ज्याला हवं त्याला याच्यातून माप कळेल. आणि इतक्या वर्षांनी, त्याचा देश कुठे, हा बाजार कुठे, एका बाईने डोळे मिटून त्याचं म्हणणं बरोबर सांगितलं. सगळं जग एकमेकांच्या जिवावर उठलेलं होतं त्या वर्षी. कोणाचं कोणाशी एका गोष्टीवर जमत नव्हतं. आणि या डब्यात वेगवेगळ्या देशांची नावं कोरलेली कडी एकमेकांवर पडलेली होती. त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की शून्य-पाच म्हणजे पंचवीस. मी एकेक फिरवून बघितलं. आत छर्रे होते, प्रत्येकाला स्वतःची जागा, कोणी कोणाला घासत नव्हता. आणि इतके सारखे, की पहिला कोणता हे मला एकदाही सांगता आलं नाही. देवळात मला क्वचितच जे वाटतं ते त्या पोत्यापुढे वाटलं.

अशा वेळी माणसाने गप्प राहावं. मी राहिले नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी उकंडरावांना, कडूबाला आणि झुंबरबाईंना या आकड्यांचं शास्त्र सांगितलं. पहिला सहा म्हणजे जात: एका ओळीत छर्रे असलेली. दुसरा आकडा म्हणजे अंग, दोन बारीक, तीन जाड. शेवटचे दोन गुणिले पाच म्हणजे भोक. परीक्षेसाठी मी डब्यातून एक लहानसं कडं आणलं होतं. त्याचं भोक मी मोजलंही नव्हतं, इतकी माझी खात्री होती. ६२०३. मी म्हटलं, “तीन पंचे पंधरा. घ्या, मोजा उकंडराव.”

उकंडरावांनी पट्टी घेतली. कंदिलाजवळ नेली. पुन्हा लावली. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. “सतरा.”

“नीट बघा.”

“सतरा, सतरा. तूच पाह्य.”

सतराच होतं. कडूबा चिलीम भरायला लागला. उकंडराव उठताना म्हणाले, “तुह्या बाबाची साखळीबी अशीच होती. पायजे तिथं लांब, पायजे तिथं आखूड.”

माझा अपमान मी गिळला असता. हा बाबांचा होता. मी रात्रभर जागले वगैरे नाही. पण पुढच्या बाजारी पुन्हा पोत्यापुढे बसले. बारक्या कड्यांचा ढीग वेगळा केला. शून्य-शून्य दहा. शून्य-एक बारा. शून्य-दोन पंधरा. शून्य-तीन सतरा. आणि चारापासून पाचांच्या उड्या सुरू. मग उमगलं. लहानांना पाचाची उडी झेपत नाही. त्यांना दोन-तीनच्या पावलांनी चालवलं आहे. नियम करणाऱ्याने लहानांचा विचार आधी केला होता, आणि मी त्याला चूक ठरवायला निघाले होते. मी मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाची क्षमा मागितली. उकंडरावांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हो, पळवाट पायजेच.”

सहा-दोन-शून्य-पाच मात्र डब्यात नव्हतं. इंद्रभान शोधतो म्हणाला. शेवटी पाडव्याला तो दारात हजर. हातात चिंधीत गुंडाळलेलं, कुठल्याशा बंद पडलेल्या यंत्रातून काढलेलं, पण अगदी गुळगुळीत. मी त्याला बदल्यात मामांचं ६३०५ दिलं. त्याने दोन्ही आकडे वाचले. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचले. मोठा नंबर देऊन लहान नंबर घेणारी बाई त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मी विचार बदलायच्या आत तो जवळजवळ पळत गेला.

कडं मी आईच्या हातात दिलं आणि कडूबाला बोलवायला गेले. परत आले तेव्हा आई देवघरासमोर बसली होती. ताम्हनात बेअरिंग होतं. ताम्हन काठोकाठ भरलेलं होतं.

“आई, हे काय?”

“काय म्हन्जे? नवं आलं घरात. यंदा आपली गुढी नाई, काई नाई. सनाचा दिवस हाये. म्हटलं, त्याले तरी आंघोळ घालावं.”

“कशाने?”

“पंचामृतानं. दूध, दही, तूप, मध, साखर. त्यायच्या चाकाले कमी काऊन करू?”

मी खाली बसले. कडूबा दारात चपला काढून हात जोडून उभा राहिला. ते हात देवाला होते की बेअरिंगला, मला कळलं नाही.

“नऊ हायेत,” आई म्हणाली. “मोजले मी. नवग्रह. एकेकाले कुंकू लावलं. एक फिरवला का दुसरा आपोआप म्होरं येते. लय गुनाचे देव हायेत.”

आत मधाचा पाक झाला होता. साखर दातांखाली यावी तशी छऱ्यांखाली कुरकुरत होती. अक्षता कुठवर शिरल्या होत्या ते विचारू नये. मी रागावायचं ठरवलं होतं. पण भाद्रपदापासून आईने कुंकवाचा करंडा उघडला नव्हता, आणि आज तिचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत लाल होतं. मी म्हटलं, “छान केलंस.”

सल्ले ताबडतोब आले. झुंबरबाई म्हणाल्या, शिकेकाई आणि कढत पाणी. कडूबा म्हणाला, भट्टीत टाकतो, सारं जळून जाईल; छर्रेही जळतील का, यावर तो जरा अनिश्चित होता. उकंडराव दारातूनच म्हणाले, “वारुळापाशी ठेव. मुंग्या चाटून साफ करतीन. फुकटात.” मला घासलेट हवं होतं, आणि घासलेट रेशनवर होतं. हे झुंबरबाईंनी विहिरीवर बोलून दाखवलं असावं. कारण संध्याकाळी पुऱ्यातल्या बाया आपापल्या चिमण्या घेऊन आल्या आणि प्रत्येकीने दिव्यातलं थोडं थोडं माझ्या वाटीत ओतलं. त्या संध्याकाळी आमच्या पुऱ्यात अंधार जरा लवकर झाला. मी बेअरिंग धुतलं, फिरवलं, पुन्हा धुतलं. कित्येक दिवस धुतलं. तांदळाचे दाणे निघाले, साखर निघाली, लाल पाणी निघालं. शेवटी ते कानाशी धरून फिरवलं तर काहीच ऐकू आलं नाही. मग इंद्रभानने दिलेलं वंगण भरलं, आणि कडूबाने चाक घरी आणून ते तुंब्यात बसवलं. मधाचा वास मात्र जाईना.

आखाजीच्या सकाळी मी, आई आणि कडूबा चाक घेऊन विहिरीवर गेलो, तर तिथे उकंडरावांची सागाची गडगडी टांगलेली. तिला झेंडूचा हार. शेजारी उकंडराव, धुतलेलं धोतर, नवी टोपी.

“आखाजीपर्यंत म्हटलं होतं,” ते म्हणाले. “आज आखाजी.”

“आखाजी आज दिवसभर आहे,” मी म्हटलं.

“अन् ही घागर भरन कोन? पोरगा नाई घरात. पुतन्याले बलावलं का?”

आई एरवी उकंडरावांपुढे बोलत नाही. ती घागर कमरेवर सावरत म्हणाली, “पानी काढाले पोरगा लागते असं कोनी सांगतलं, भाऊ? साऱ्या पुऱ्याचं पानी बायाच काढून राह्यल्या.”

भोवती बाया जमल्या होत्या. झुंबरबाई पुढे आल्या. “उकंडराव, गडगडी तुमची, मान तुमचा. पहिला पोहरा तुमीच ओढा. मंग ठरवू.”

उकंडरावांनी आजूबाजूला पाहिलं. माणसं उभी होती, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी दोर धरला. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खोल जातं. गडगडी जी ओरडली, ती बाजारापर्यंत गेली असावी. पोहरा अर्ध्यावर आला तेव्हा त्यांची टोपी मागे सरकली. काठाशी आला तेव्हा टोपी पडली होती आणि पोहऱ्यात पाणी निम्मंच उरलं होतं. उकंडराव तळहात उघडून बघत राहिले. तसे तळहात पुऱ्यातल्या प्रत्येक बाईचे होते, बाबांचं चाक येण्याआधी.

कडूबाने कोणाला न विचारता गडगडी उतरवली आणि बाबांचं चाक चढवलं. मी दोर टाकला, भरलेला पोहरा धरला, आणि झुंबरबाई म्हणाल्या, “थांब. त्यायलेच देऊ.” दोर पुन्हा उकंडरावांच्या हातात गेला. त्यांनी तयारीने पाय रोवले, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि पोहरा इतक्या झटक्यात वर आला की ते मागे दोन पावलं गेले. आवाज नव्हता. त्यांनी चाकाकडे पाहिलं. पोहरा खाली सोडून एका हाताने पुन्हा ओढला. मग पुन्हा.

तिसऱ्या खेपेला ते दोर न सोडताच, कोणाकडे न बघता म्हणाले, “नारायनरावानं माही जमीन बराबर मोजली असन बहुतेक.”

त्यानंतर घागर मी भरली. आईने तिच्यावर खरबूज ठेवलं, आणि पुरणपोळीचा घास केळीच्या पानावर विहिरीच्या काठावर मांडला. एरवी तो घराच्या छपरावर ठेवतात. पण आईला वाटलं, बाबा आले तर घरी येणार नाहीत, आधी इथे येतील. आम्ही मागे सरून कावळ्याची वाट बघत उभ्या राहिलो. पण बायांची गर्दी, पोरांचा कालवा. कावळा निंबावर बसून होता, खाली येईना. ऊन चढलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आईचा चेहरा उतरत चालला.

आणि मग झुंबरबाईंनी माझा हात धरला. “कोकिळा, तिकडं पाह्य.”

विहिरीच्या खांबावरून मुंग्यांची एक ओळ वर चढत होती. बारीक, काळी, सरळ, बाबांनी साखळी धरून आखावी तशी. ती घासाकडे जात नव्हती. खांबावरून आडव्या लाकडावर, तिथून आसावर, आणि आसावरून नीट तुंब्यात.

“आले,” आई म्हणाली.

तो मध होता. माझ्या धुण्यातून उरलेला, आईने पाडव्याला घातलेला मध. मला ते ठाऊक होतं, कडूबाला ठाऊक होतं, आणि मुंग्यांचा सल्ला ज्यांनी दिला होता त्या उकंडरावांनाही ठाऊक होतं. उकंडराव काहीतरी बोलणार असं मला वाटलं. त्यांनी खाली पडलेली टोपी उचलली, झटकली, आणि डोक्यावर न घालता हातातच धरून ठेवली.

मी पुढे झाले आणि चाकाला एका बोटाने टिचकी मारली. बाबांसारखं मागे न बघता जायचं होतं. ते मला जमलं नाही. मी तिथेच उभी राहिले. चाक फिरत होतं, नऊ छर्रे आत आपापल्या जागी फिरत होते, आणि कडेवर चढलेल्या मुंग्या त्याच्याबरोबर गोल गोल जात होत्या, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात. त्यांच्यातली एकही खाली उतरली नाही, आणि चाक थांबेना.